मगदूम सरांचं न गेलेलं पत्र

"रमाकांत, हे पत्र जायचं नाव घेत नाही बघ."

मगदूम सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर जागा करून दिली. पडद्यावर एक चौकोन आला होता. मेल पाठवता आली नाही, सर्व्हरनं नकार दिला, अशा अर्थाचं त्यात इंग्रजीत काहीतरी. सरांनी तो तीनदा मिटवला होता आणि तीनदा तो परत उगवला होता.

"बाहेरून पत्रं येतात का पण?" मी विचारलं.

"येतात की. येण्याचं काही नाही. दुखणं जाण्याचंच आहे."

ही दोन हजार चारच्या सप्टेंबरमधली गोष्ट. आमचं गाव तालुक्याचं, घाटमाथ्याच्या अलीकडे. तिथल्या कॉलेजात मी कॉम्प्युटर कक्षात साहाय्यक होतो. वय अठ्ठावीस, नोकरी तिसऱ्या वर्षीही कंत्राटी. मगदूम सर, म्हणजे डॉ. भूपाल मगदूम, वनस्पतिशास्त्रातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती; पण कॉलेजनं त्यांना मागच्या बाजूची एक खोली ठेवायला दिली होती. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या झाडांनी भरलेली दोन लोखंडी कपाटं, एक सूक्ष्मदर्शक आणि हा कॉम्प्युटर, एवढाच संसार. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, मी कॉमर्सचा. तरी पहिल्या दिवसापासून ते मला नावानं आणि 'तू' म्हणून हाक मारायचे. बाकी सगळ्या कॉलेजला मी शिंत्रे होतो.

"सर, येणाऱ्या पत्रांचं दार वेगळं आणि जाणाऱ्यांचं वेगळं असतं," मी त्यांना समजावलं. "जाणाऱ्या दारावरचा राखणदार परवापासून पासवर्ड मागायला लागलाय. आपल्या प्रोग्रॅमला ते माहीतच नाही. तो रिकाम्या हातानं जातो आणि परत येतो."

"अस्सं!" सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी खिशातली छोटी वही काढून ते लिहून घेतलं. नव्यानं कळलेली कुठलीही गोष्ट ते तारीख घालून लिहून ठेवत.

मी सेटिंगमध्ये जाऊन पासवर्डाच्या चौकोनात खूण केली. चौकोन येणं थांबलं, पण पत्र काही जाईना. बघतो तर आउटबॉक्समध्ये सरांनी आठ दिवसांपूर्वी आठ मोठे फोटो जोडून धाडलेली एक मेल अडकून बसली होती. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट ते. एवढं ओझं अर्ध्या वाटेत दमायचं, आणि मागचं सगळं खोळंबायचं. ती काढायला गेलं की प्रोग्रॅम पुन्हा तीच पाठवायला धावे. म्हणून मी ऑप्शन्समधली 'पत्र लगेच पाठवा' ही खूण काढली. आपोआप मेल तपासणंही बंद केलं. मग अडकलेली मेल निवांत उडवली, फोटो लहान करून दिले आणि स्वतःच्या पत्त्यावर एक चाचणीची मेल लिहून 'सेंड-रिसीव्ह'चं बटण दाबलं. सर्रकन गेली.

"गेली?" सरांनी विचारलं.

"गेली."

"वा रे वाघा!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सरांचा एवढा जीव त्या मेलवर का होता, ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे सपाट माळ आहेत, त्यांना आमच्याकडे सडा म्हणतात. पाऊस ओसरला की त्यावर गेंद नावाच्या बुटक्या रोपाची पांढरी फुलं येतात, टाचणीच्या डोक्याएवढी. चौदा वर्षांपूर्वी सर तिथं बसून अशी फुलं गोळा करत असताना म्हशी चारणाऱ्या ठकूबाई नावाच्या धनगर बाईनं त्यांना हटकलं होतं, "मास्तर, त्यो न्हवं. त्यो येगळा हाय. त्येला म्हस तोंड लावत न्हाई." सरांनी निरखून बघितलं, तर खरंच वेगळा. मग चौदा वर्षं दर सप्टेंबरला सड्यावर जाऊन त्यांनी त्याची पानं, फुलं, बिया मोजल्या. जगात कुणीच न नोंदवलेली ती जात होती. सर तिला ठकूबाईचं नाव देणार होते. लेख एका नियतकालिकानं स्वीकारला होता. शेवटच्या दुरुस्त्या आणि एक फोटो पंचवीस तारखेच्या आत पोहोचवायचा, एवढंच बाकी होतं.

"आणखी काही करायचं नाही ना मला?" सरांनी विचारलं.

माझं अर्धं लक्ष दाराकडं होतं. शिपाई दोनदा येऊन गेला होता. प्राचार्यांच्या खोलीतला प्रिंटर चालत नव्हता आणि पुढच्या महिन्यात आमच्या नेमणुकांची समिती बसायची होती, तिचे कागद छापायचे होते. त्या कागदांत माझंही नाव होतं.

"काही नाही सर. लिहायचं, सेंड दाबायचं, झालं. आता बिनघोर पाठवा."

असं म्हणून मी निघालो. काढलेली ती खूण परत घालायची राहिली.

दोन दिवसांनी सर व्हरांड्यात भेटले. खांद्याला शबनम, डोक्यावर कापडी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. सड्यावर निघाले होते, धनगरवाड्यावर पंधरा दिवसांच्या मुक्कामाला.

"पाठवलं रे रमाकांत. दाबलं आणि खिडकी मिटली. चौदा वर्षांचं काम, आणि जायला पापणी लवायचासुद्धा वेळ लागला नाही."

"अभिनंदन सर."

"अजून नाही. छापून येऊ दे."

अकरा ऑक्टोबरला सकाळी शिपाई मला बोलवायला आला. नियतकालिकाच्या संपादकांचा प्राचार्यांना फोन आला होता. दुरुस्त्या मिळाल्या नाहीत, दोन आठवणीच्या मेललाही उत्तर नाही, त्यामुळे अंक त्या लेखाशिवाय छपाईला गेला. आता जूनच्या अंकात बघू. मगदूम सर आदल्याच दिवशी परत आले होते. ते प्राचार्यांकडेच बसले होते, आणि दोघंही सरांच्या खोलीकडे यायला निघाले होते.

खोलीची किल्ली शिपायाकडे होती. मी आधी पोहोचलो. कॉम्प्युटर चालू केला, मेल उघडली. डाव्या बाजूला ठळक अक्षरांत दिसलं: आउटबॉक्स, आणि कंसात एक.

मला दुसऱ्या कशाकडे बघावंच लागलं नाही. सरांनी लिहिलं होतं, सेंड दाबलं होतं, खिडकी मिटली होती. पत्र आउटबॉक्समध्ये जाऊन बसलं होतं आणि 'आता नीघ' असं कुणी सांगेल म्हणून अठरा दिवस थांबलं होतं. ते सांगणारी खूण मी काढली होती.

व्हरांड्यात पावलं वाजली. प्राचार्य नलवडे यांचा आवाज ऐकू आला, "शिंत्र्यांनीच बघितला होता ना मागं हा कॉम्प्युटर?"

सोमवारी समिती होती.

मी माउसनं ते पत्र उचललं आणि खालच्या 'ड्राफ्ट्स'मध्ये टाकलं. लिहून ठेवलेली, पण न पाठवलेली पत्रं त्यात राहतात. याला दोन सेकंद लागले असतील. आउटबॉक्सची ठळक अक्षरं साधी झाली.

"काय झालंय?" प्राचार्यांनी दारातूनच विचारलं.

"पत्र ड्राफ्ट्समध्ये आहे सर," मी म्हणालो. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता, हे मला आजही आठवतं. "म्हणजे लिहिलंय, पण सेंड दाबलेलं नाही."

"मी दाबलं होतं," मगदूम सर म्हणाले.

 मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ते वाकून बघत राहिले. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मी दाबलं होतं. मला चांगलं आठवतंय. खिडकी मिटली होती."

"होतं हो असं, मगदूम सर," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले. "आपलंही वय झालं आता. असली कामं शिंत्र्यांकडून करून घेत चला. काय शिंत्रे?"

"हो सर. मला कधीही बोलवा."

मगदूम सर माझ्याकडे वळले. "रमाकांत, तुला नक्की दिसतंय? ड्राफ्ट्समध्येच आहे?"

"हो सर."

"मग मला जी खिडकी मिटलेली आठवते, ती कुठली?"

"सर, आदल्या दिवशी चाचणीची मेल पाठवली होती ना आपण, तिची असेल. आठवणी मिसळतात कधीकधी."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पत्र ड्राफ्ट्समध्ये आहे, एवढ्यावर माझी सुटका झालीच होती. पण मी ते बोललो, आणि वर थोडा हसलोही.

सर एकदम खाली बसले. मला वाटलं, लेख हुकल्याचा धक्का असेल. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता आणि ते पडद्याकडे नव्हे, तर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

सोमवारी माझी मुलाखत झाली. आत गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याबद्दल डॉ. मगदूमांनी ऑगस्टमध्येच स्वतःहून पत्र दिलंय. भला माणूस आहे, प्रामाणिक आहे, असं लिहिलंय. त्यांच्यासारख्यांनी लिहिल्यावर आम्ही काय विचारणार?" दहा मिनिटांत मी कायम झालो. पेढे घेऊन सगळ्या विभागांत गेलो. मागच्या खोलीत गेलो नाही, सरच समोरून आले. पेढा घेतला, "छान झालं रे" म्हणाले आणि क्षणभरानं विचारलं, "मी तुझं अभिनंदन मघाशी केलं होतं का?"

"नाही सर."

"बरं. नाही, विचारून घेतलं."

फेब्रुवारीत कर्नाटकाच्या बाजूच्या दोघा संशोधकांचा लेख दुसरीकडे छापून आला. त्यांनाही तोच गेंद तिकडच्या सड्यावर सापडला होता. ज्याचं आधी छापून येतं त्याचं नाव कायम होतं, असा त्या शास्त्राचा नियम. ठकूबाईचं नाव तिथंच संपलं. सरांनी तो लेख माझ्याकडूनच छापून घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "चांगलं काम केलंय. बियांची मापं माझ्यापेक्षा नीट घेतलीत."

मार्चमध्ये त्यांनी खोली सोडली. कपाटांच्या किल्ल्या विभागप्रमुखांना दिल्या आणि कॉम्प्युटर पुसून द्यायला मला बोलावलं.

"का सर? अजून किती नमुने नोंदवायचे राहिलेत."

"म्हणूनच. चुकीचं नोंदवण्यापेक्षा न नोंदवलेलं बरं." एका वाळलेल्या रोपाखालची चिठ्ठी त्यांनी बोटानं दाखवली. स्वतःच्याच बारीक अक्षरातली. "हे सड्याच्या उत्तरेला मिळालं असं इथं लिहिलंय. लिहिलंय मीच. पण अठरा दिवसांपूर्वी बटण दाबलं होतं की नाही हे ज्याला सांगता आलं नाही, त्याच्या चिठ्ठीवर विश्वास कसा ठेवायचा?"

मी कॉम्प्युटर पुसायला घेतला. ते शेजारी उभे होते, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. मी सगळं पुसून झाल्यावर "झालं सर" एवढंच म्हणालो.

पुढं जवळजवळ तीन वर्षं ते मला दिसले नाहीत. गाव लहान, तरी दिसले नाहीत. मी चौकशी केली नाही. मागच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात पद्माकाकू, सरांच्या पत्नी, कॉलेजात आल्या. निवृत्तीवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. ऑफिसातलं काम उरकून त्या शोधत शोधत कॉम्प्युटर कक्षात आल्या. मी खुर्ची दिली.

"सर कसे आहेत?"

"शरीरानं बरे आहेत." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "रमाकांत, तुमच्याकडे एक काम घेऊन आलेय. तुम्ही एकदा घरी येऊन त्यांना समजावा. तुमचं ते ऐकतील. त्यांच्या डोक्यात बसलंय की त्यांची आठवण गेली. काही गेलेली नाही हो! वर्षापूर्वीच्या भाजीचं सांगतील. मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं. फोटो काढले डोक्याचे. काही नाही म्हणाले. तर हे म्हणतात, डॉक्टरला काय दिसतंय वरनं?"

"पण असं त्यांना वाटायला लागलं कशावरून?"

मला उत्तर माहीत होतं, असं मला वाटत होतं. पण माहीत नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक नसेल. यांचे थोरले बंधू होते, सातगोंडा म्हणून. हायस्कूलला हेडमास्तर. हुशार माणूस. साठीत त्यांना विस्मरणाचा आजार झाला. शेवटी शेवटी स्वतःच्या गावात वाट चुकायचे. जेवण झालं की नाही कळायचं नाही. यांना ओळखायचे नाहीत, 'तुम्ही कोण पाहुणे?' म्हणायचे. नऊ वर्षं आमच्या घरी होते. यांनी त्यांना लहान मुलासारखं सांभाळलं. आंघोळ, कपडे, सगळं." काकू थांबल्या. "आणि त्यांचं सुरू कशानं झालं माहितीये? एक पत्र होतं महत्त्वाचं, शाळेच्या मान्यतेचं. भाऊजी म्हणाले, मी पेटीत टाकलं. भांडले त्यावरनं सगळ्यांशी. टाकलंय म्हणजे टाकलंय. महिन्यानं ते पत्र त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडलं."

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. मुलं व्हरांड्यातून ओरडत गेली.

"तुमच्या त्या मेलच्या दिवशी हे घरी आले, ते उंबऱ्यातच बसले," काकू म्हणाल्या. "म्हणाले, पद्मा, दादाचं झालं तेच. मी म्हटलं, अहो, मशीन बिघडलं असेल. तर म्हणाले, मशीन खोटं कशाला बोलेल? आणि रमाकांतनं स्वतः बघितलं."

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

दारातल्या भिंतीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. 'गॅस बंद?' 'किल्ली खिशात?' 'पद्माला सांगून जा.' सरांचंच बारीक, वळणदार अक्षर. सर आरामखुर्चीत होते, मांडीवर वही. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"ये, ये रमाकांत! बघ, नाव बरोबर सांगितलं की नाही?" ते हसले. मग वहीत घड्याळ बघून लिहिलं: नऊ वाजून दहा मिनिटं, रमाकांत आला.

काकू पाणी देऊन आत गेल्या. सर सांगू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे ते आता एकटे जात नव्हते. सड्यावर तीन वर्षांत गेले नव्हते. "यंदा फुलं चांगली आली म्हणे. जावंसं वाटतं. पण वाट चुकलो तर त्या धनगरांना ताप. दादा चुकला की मी रात्ररात्र शोधायला जायचो. तो ताप कुणाला द्यायचा नाही."

"सर," मी म्हणालो, "तुम्ही सेंड दाबलं होतं."

"काय?"

"ते पत्र. तुम्ही पाठवलं होतं. ते आउटबॉक्समध्ये होतं. आदल्या खेपेला दुरुस्ती करताना मी एक खूण काढली होती, ती परत घालायला विसरलो. त्यामुळे ते तिथंच थांबलं. चूक माझी होती."

सरांनी वही मिटली. "पण मी बघितलं. ड्राफ्ट्समध्ये होतं."

"मी टाकलं तिथं. तुम्ही खोलीत यायच्या आधी. समिती होती सोमवारी. मी घाबरलो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली फरशीकडे बघत होतो. आत काकू काहीतरी परतत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे खिडकी मिटली होती?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मला आठवत होतं ते बरोबर होतं?"

"सगळं बरोबर होतं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. एखादी थप्पडसुद्धा चालली असती. पण सर उठले, भिंतीला एक हात टेकला आणि जोरात ओरडले, "पद्मा! अगं पद्मा, बाहेर ये! मी पाठवलं होतं गं! ते पत्र मी पाठवलं होतं!"

काकू हातात उलथनं घेऊनच धावत आल्या. सरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते लहान मुलासारखे हसत होते. सदुसष्ट वर्षांचा माणूस. इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही, आणि तो बघवतही नव्हता.

"म्हणजे? कुणी सांगितलं?" काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण सरच आधी बोलले.

"यांनी शोधून काढलं. मशीनचाच दोष होता. मशीननं ते पत्र आपलं आपण दुसरीकडे टाकलं होतं."

काकू माझ्याकडे वळल्या. उलथनं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. माझ्या आईच्या वयाच्या बाई. "देवानंच धाडलं हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. "बसा, गोड काहीतरी करते. खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

त्या आत गेल्यावर सरांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. पुन्हा बोलले तेव्हा आवाज अगदी शांत होता.

"तिला हे कधी सांगायचं नाही. तीन वर्षं ती माझ्यामागं सावलीसारखी फिरलीय. तिला मशीनचा राग येणार नाही. माणसाचा येईल, आणि तो तिला पेलायचा नाही."

"सर, मी..."

"आता तुम्ही जा, शिंत्रे."

सहा वर्षांत त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी उठलो. काकूंना काय सांगू, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही. दार ओढून घेताना मागं कागद फाडल्याचा आवाज येत होता. सर भिंतीवरच्या पट्ट्या काढत होते.

पुढच्या सप्टेंबरला ते एकटे सड्यावर गेले. त्यांच्यासाठी मागची खोली पुन्हा रिकामी करून दिली, झेरॉक्सचं मशीन हललं. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी काम केलं. माझा कक्ष आणि त्यांची खोली यांत पन्नास पावलांचं अंतर. समोर आलो की ते न चुकता म्हणत, "नमस्कार, शिंत्रे." त्यापुढं एक शब्द नाही. कॉम्प्युटर बिघडला की ते हाक मारत नसत. कॉलेजच्या कार्यालयाला रीतसर अर्ज करत: संगणक कक्षातून कुणास तरी पाठवावे. मी जायचो. मी आत आलो की ते व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे आणि मी बाहेर पडल्यावर आत यायचे.

कुणाला त्यांनी काही सांगितलं नाही. माझी बढती झाली, मी कक्षप्रमुख झालो, तेव्हाही नाही.

दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात सर गेले. हृदयविकार, शेवटच्या दिवसापर्यंत सगळं लख्ख आठवत होतं. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. पडद्यावर त्यांचे फोटो दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यात मागं, प्रोजेक्टरशेजारी बसलो होतो. बरेच जण बोलले. त्यांच्या शिस्तीबद्दल, सड्याबद्दल. शेवटी काकू उठल्या. त्या बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं. माइक त्यांना फार उंच होत होता, तो कुणीतरी खाली केला.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "एकच सांगायचंय. मधली तीन वर्षं हे घरात बसून होते. मन खचलं होतं. ते शेवटपर्यंत तसेच राहिले असते. पण या कॉलेजातल्या एका माणसानं त्यांचं म्हणणं खरं मानलं, खपून मशीनमधला दोष शोधला आणि रविवारचा आमच्या घरी सांगायला आला. यांची पुढची वर्षं त्यांनी दिलीत आम्हाला. ते त्या दिवशी गोडाचं न खाताच गेले. त्यांचे आभार मानायचे राहिलेत." त्यांनी डोळ्यांवर हात धरून मागं बघितलं. "शिंत्रे आलेत का?"

सगळं सभागृह मागं वळलं. प्राचार्य वळले, प्राध्यापक वळले, मी ज्यांना शिकवलं ती मुलं वळली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

मी उभा राहिलो. हात जोडले. आणि खाली बसलो.